लघवीची घाई आणि माझी सकाळची ड्यूटी

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे अवघडायला नको. हे सगळं लघवीबद्दल आहे. दिवसातून चोवीस-पंचवीस वेळा लघवीला पळणाऱ्या एका बाईची ही हकिगत आहे आणि ती बाई मी आहे. वय अठ्ठावीस. मला मधुमेह नाही, मुतखडा नाही, दिवसही गेलेले नाहीत. वाचून कुणाला कसंतरी होत असेल तर होऊ दे. माझं कसंतरी होऊन संपलंय, आणि त्यात माझे अकरा महिने गेले.

त्यातून मी कामाला आहे पॅथॉलॉजी लॅबमध्ये. नवीन पनवेलमधली छोटी लॅब. रक्त काढायचं, लघवीच्या डब्या घ्यायच्या, डबीवर नाव आणि वय लिहायचं, मशीन लावायचं. "पहिली थोडी जाऊ द्या, मधली धार डबीत घ्या, झाकण घट्ट लावा," हे मी दिवसभर इतक्यांदा बोलते की झोपेतही बोलत असेन. दुसऱ्यांच्या लघवीबद्दल मी चारचौघांत बिनधास्त बोलते. स्वतःची वेळ आली तेव्हा दातखीळ बसली.

उन्हाळी

सुरुवात साधी होती. लग्नाला सहा महिने झाले होते. मे महिना, डोक्यावर ऊन, आणि लघवीला गेलं की आग. सासूबाईंना मी काही बोलले नव्हते. पण खांदा कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार किती वेळा वाजतं ते लपून राहत नाही.

"उन्हाली लागली गो तुला," त्या म्हणाल्या. "धन्याचं पानी पी. भर उन्हाची स्कूटीवर फिरतेस, दुसरा काय व्हनार?"

धन्याचं पाणी प्यायले. सब्जा प्यायले. आग थांबेना तेव्हा कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आग थांबली आणि मला वाटलं, सुटले बाबा.

आग गेली, पण घाई राहिली. जाऊन यायचं, हात पुसायचे, आणि टॉवेल दांडीवर टाकेपर्यंत पुन्हा लागल्यासारखं वाटायचं. गेलं तर चार थेंब. नाही गेलं तर डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. कुणी बोलत असलं तर त्याचे फक्त ओठ दिसतात. हे ज्यांना होतं त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ज्यांना होत नाही ते म्हणतात, "अगं, मग जाऊन ये ना."

सकाळची ड्यूटी

लॅबमध्ये माझ्याकडे सकाळचे कॉल होते. उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं अशा लोकांच्या घरी जाऊन सॅम्पल आणायचे. साडेसहा ते साडेनऊ, सात-आठ घरं, कॉलनीतली आणि आसपासच्या सेक्टरमधली. आधी हे काम पुरुषच करायचे. मी मागून घेतलं, आणि दोन वर्षांत असं झालं की लोक फोनवर सांगायचे, "त्या स्नेहलताईंनाच पाठवा, त्यांचा हात हलका आहे." ज्या आजींची शीर कुणाला सापडत नाही त्यांची मला सापडते. माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली गोष्ट कोणती विचाराल तर ती हीच. एवढीशी आहे, पण माझी आहे.

आता ही ड्यूटी आणि माझी लघवी यांचं भांडण सुरू झालं.

मी शहाणपणा केला. संध्याकाळी सातनंतर पाणी बंद. सकाळी दहापर्यंत एक घोटही नाही. निघण्याआधी दोनदा बाथरूम, लागली असो वा नसो. तरी तिसऱ्या घरापर्यंत जीव कासावीस व्हायचा. मग विचारायचं, "तुमचं बाथरूम वापरू का?"

काही घरांत म्हणायचे, "अगं, विचारतेस काय, जा की." काही घरांत आधी एकमेकांकडे बघायचे. एका बाईंनी मला खाली वॉचमनच्या संडासाचा रस्ता दाखवला. मी गेले. परत वर आले, त्यांच्या सासऱ्यांचं रक्त काढलं, थँक्यू म्हणाले आणि जिना उतरताना मला स्वतःचाच राग आला.

पाणी कमी प्यायल्यावर लघवी गर्द पिवळी व्हायला लागली आणि घाई आणखी वाढली. ड्यूटीच्या वेळात तर वीस-वीस मिनिटांनी. तेव्हा मला दोन्हींचा संबंध कळला नाही. मी पाणी आणखी कमी केलं.

सुनंदा जाधव, वय बेचाळीस

आमच्या लॅबमध्ये माणसं मोजकी. रिपोर्टवर सही करणाऱ्या मॅडम, मी, आणि काउंटरवरची मुलगी, जिची मावशी आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. खांदा कॉलनीत बातमीला लिफ्टसुद्धा लागत नाही. नव्या सुनेने लघवीची तपासणी केली म्हटल्यावर लोक काय काय जोडतील याचा विचार करूनच मला घाम फुटला.

म्हणून मी माझ्या डबीवर नाव लिहिलं, सुनंदा जाधव, वय बेचाळीस. अशी कुणी बाई नाही. हातात पेन होतं आणि तेवढं सुचलं.

लॅबवाल्यांशिवाय हा उद्योग कुणाला जमायचा नाही. आणि उद्योग एवढ्यावर थांबला नाही. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, सॅम्पल लावायच्या आदल्या दिवशीच मी ओळखीच्या मेडिकलमधून त्याच जुन्या गोळ्या आणून सुरू केल्या होत्या. गोळ्या सुरू करण्याआधी सॅम्पल द्या, नाहीतर जंतू असले तरी दिसणार नाहीत, हे मी रोज पेशंटना सांगते. रागावूनसुद्धा सांगते. पण स्वतःला सांगायला कोण होतं? कल्चरमध्ये काही वाढलं नाही. मी समजले, गोळ्या लागू पडल्या. घाई तशीच राहिली, तर समजले, कोर्स कमी पडला. पुन्हा गोळ्या, पुन्हा डबी, पुन्हा सुनंदा जाधव. असं तीनदा झालं. पोट बिघडलं, तोंडाची चव गेली, अंगात त्राण राहिलं नाही, आणि सुनंदाबाईंचे रिपोर्ट मात्र स्वच्छ येत होते.

शहाळी

सासूबाईंनी बाथरूमचं दार मोजलं आणि त्यांचा हिशोब वेगळाच निघाला. मला त्यांनी काही विचारलं नाही. एक दिवस स्वयंपाकघरात शहाळं दिसलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. खजूर आले. माझ्या हातातली बादली त्यांनी काढून घेतली. निलेशने, माझ्या नवऱ्याने, हळूच विचारलं, "काही आहे का गं? आई मामीशी फोनवर बोलत होती."

काही नव्हतं. टेस्ट मी लॅबमध्ये कधीच केली होती, तीही सुनंदाबाईंच्या नावावर. निलेशला मी नाही म्हणाले. "आईला तू सांग," तो म्हणाला. मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. त्यांचा चेहरा इतका फुललेला होता की माझी जीभ उचलेना. पंधरा दिवस मी ती शहाळी प्यायले. शहाळ्याने लघवी किती होते हे वेगळं सांगायला नको. मी जितकी जास्त पळायचे, तितक्या त्या खूश व्हायच्या.

पाळी आली तेव्हा त्यांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून शहाळं बंद झालं. मला इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं, आणि गुन्हा काय होता ते मात्र सांगता येत नव्हतं.

त्याच सुमाराला आम्ही पेणला एका साखरपुड्याला निघालो होतो. पळस्पे फाट्याच्या आधी एकदा थांबलो, फाट्यावरून वळल्यावर दहा मिनिटांत पुन्हा. निलेश म्हणाला, "अगं, आत्ताच तर थांबलो होतो." रागाने नाही म्हणाला. दमून म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मी भांडले तरी असते. पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत बसले.

काउंटर

शेवटी व्हायचं तेच झालं. एका घरातून लॅबमध्ये फोन आला. "तुमची मुलगी आली की आधी बाथरूम मागते, मग रक्त काढते. हात धुते की नाही देव जाणे." मी हात दोनदा धुते. पण हे कुणाला सांगत बसणार?

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "स्नेहल, तुझी तब्येत ठीक दिसत नाही. काही दिवस सकाळचे कॉल दुसऱ्याला देते. तू काउंटर सांभाळ."

"चालेल मॅडम," मी म्हणाले. बस, एवढंच. दोन वर्षांपूर्वी मागून घेतलेलं काम दोन शब्दांत देऊन टाकलं.

घरी सांगितलं तर निलेश म्हणाला, "बरं झालं, जरा आराम होईल." सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोड ती नोकरी. आपल्या घरान काय कमी हाय? घरीच ऱ्हा. बाथरूम घरान हाय."

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. उलट खरं तेच त्या बोलत होत्या. घरात राहिलं की प्रश्नच मिटतो. साखरपुडा नको, बाजार नको, स्कूटी नको. त्या आठवड्यात मी खरोखरच सोडणार होते. राजीनामा फोनमध्ये लिहून ठेवला होता. भांडायला लागणारी ताकदसुद्धा माझ्यात उरली नव्हती.

"ही बाई कोण?"

दुपारची वेळ होती. मॅडम जुने रिपोर्ट चाळत होत्या.

"स्नेहल, ही सुनंदा जाधव कोण?"

मी काउंटरवरच्या पावत्या नीट लावायला लागले.

"तीन कल्चर, तिन्ही निगेटिव्ह. पस सेल्स नाहीत, शुगर नाही. तरी दर महिन्याला येतेय. हिला कुणीतरी उगीच अँटिबायोटिक चारतंय. फोन नंबर दे, मी बोलते तिच्याशी."

"नंबर नाहीये मॅडम."

"नंबर का नाही घेतला? डॉक्टरचं नावही नाही. कोण येतं सॅम्पल घेऊन?"

खोटं सुचलं होतं, पण तेवढ्यात मला लागली. म्हणजे नेहमीसारखीच लागली, आणि मला एकाएकी इतका कंटाळा आला, की वाटलं, आता लपवायचे कष्टसुद्धा नकोत.

"मॅडम, ती मी आहे."

मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "आधी जाऊन ये. मग बस."

मी आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गोळ्यांचंही. मग मात्र बोलल्या. "रजिस्टरमध्ये खोटं नाव घातलंस, त्याचं मी नंतर बघीन. पण अगं वेडे, हे रिपोर्ट घेऊन तू कुठल्या डॉक्टरकडे जाणार होतीस? यावर तुझं नावच नाही. एवढ्या तपासण्या केल्यास आणि तुझ्या हातात एक कागद नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रडले. स्टोअररूममध्ये, पट्ट्यांच्या खोक्यांच्या मागे, पोटभर रडले. लाज वाटून नाही, सुटल्यासारखं वाटून.

निदान झालं तो दिवस

मॅडमनी गोळ्या बंद करायला लावल्या. दोन आठवड्यांनी माझ्या नावाने सॅम्पल लावलं. डबीवर या वेळी मी स्वतःचं नाव आणि खरं वय लिहिलं. मग पनवेल गावातल्या एका युरोलॉजिस्ट बाईंकडे मला पाठवलं. बायकांच्या लघवीच्या त्रासासाठी वेगळ्या डॉक्टर बाई असतात हे मला, लॅबवालीला, माहीत नव्हतं.

आधी सोनोग्राफी. तिथली अट ऐका, लिटरभर पाणी प्या आणि लघवी तुंबवून बसा. जिला वीस मिनिटं दम निघत नाही तिला सांगताहेत. पहिल्यांदा माझा नंबर यायच्या आत मी बाथरूममध्ये होते. पुन्हा पाणी. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिथल्या आयाबाईंनी माझा चेहरा बघितला आणि आत जाऊन सांगितलं, "हिला आता घ्या, नायतर ही पोरगी इथंच राहायला येईल." त्या बाईंना मी अजून विसरले नाही.

डॉक्टर बाईंनी सगळे कागद बघितले आणि म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे."

हे ऐकून खरं तर आनंद व्हायला हवा. मला रडू कोसळलं. कारण नॉर्मल म्हणजे तुझ्या मनाचे खेळ, असं मी धरून चालले होते.

"मी नॉर्मल म्हणाले, काही झालं नाही असं नाही म्हणाले," त्या म्हणाल्या. मग कागदावर लघवीच्या पिशवीचं चित्र काढून त्यांनी समजावलं. जंतू पहिल्याच कोर्समध्ये गेले होते. पण त्या दुखण्यात मूत्राशय हळवं झालं आणि त्याला थोडं भरलं तरी ओरडायची सवय लागली. पाणी कमी केल्याने लघवी जहाल झाली आणि ते आणखी ओरडायला लागलं. त्यावर दिवसाचे सहा चहा. आणि प्रत्येक ओरडण्याला मी पळत जात होते, म्हणून त्याची सवय पक्की झाली.

"घरातून निघताना लागली नसली तरी जाऊन येतेस?" त्यांनी विचारलं.

"हो. सगळ्याच जातात ना?"

"जातात. कधीतरी गेलं तर काही होत नाही. पण तू दिवसभर तेच करतेस. पिशवी भरायच्या आधी रिकामी करतेस."

माझ्या डोळ्यांपुढे माझी आई आली. डोंबिवलीच्या घराच्या दारात, पायात चप्पल घातलेली, मला हाक मारणारी. "जाऊन ये गं, पुढे सोय नाही." शाळेला, क्लासला, लग्नाला, गावाला, कुठंही निघताना. भावाला हे कधी सांगितलं नाही. आईची चूक नव्हती. पुढे खरंच सोय नसायची. अजूनही नसते.

डायरी

औषध थोडं, काम जास्त. डॉक्टर बाईंनी एक तक्ता दिला. किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवी झाली, किती झाली. मोजायला रेघा असलेला प्लॅस्टिकचा मग. पहिल्या तीन दिवसांचे आकडे अजून माझ्याकडे आहेत, दिवसाला चोवीस, पंचवीस, बावीस. बहुतेक वेळा साठ-सत्तर मिलिलिटर. एवढ्यासाठी मी साखरपुडा सोडून पळत होते.

मग शिकवणी सुरू झाली. लागली की पळायचं नाही. जागेवर बसायचं, खालचे स्नायू आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे, आणि पाच मिनिटं थांबायचं. पुढच्या आठवड्यात दहा. मग पंधरा. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, चहा दोनच. ऐकायला किती सोपं आहे! करताना मला काउंटरची कड धरून उभं राहावं लागायचं. पेशंट विचारायचे, "मॅडम, बरं वाटत नाही का?" डॉक्टर बाईंनी दिलेल्या गोळीने तोंडाला इतकी कोरड पडायची की जीभ टाळूला चिकटायची. तिसऱ्या आठवड्यात एकदा थांबता थांबता कपड्यातच झाली. लॅबमध्ये, दुपारी. काउंटरवरच्या मुलीने बघितलं. ती बाहेर गेली आणि येताना पिशवीत स्वतःची सुकी सलवार घेऊन आली. मावशीला तिने आजतागायत सांगितलेलं नाही. मी तिच्याबद्दल जे काही समजत होते ते परत घेते.

हे पटकन बरं होत नाही. कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सहा आठवड्यांनी आकडा सतरावर आला, मग दोन दिवस परत वीस, मग चौदा. आणि एक सांगते, सगळ्यांचं माझ्यासारखंच असतं असं नाही. लघवीत रक्त दिसलं, ताप आला, पाठीत दुखलं, तहान फार लागायला लागली, तर माझं वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि डबीवर स्वतःचं नाव लिहा.

सकाळचे कॉल अजून दुसऱ्याकडेच होते. मॅडम दोनदा म्हणाल्या, "तयार असशील तेव्हा सांग." मी सांगत नव्हते. परत एखाद्या दारात उभं राहून बाथरूम मागायची कल्पनाच नको वाटायची. राजीनामा फोनमध्ये तसाच होता. घरी सासूबाईंना मी एवढंच सांगितलं होतं की औषध चालू आहे.

मग

एका रविवारी मी कपडे वाळत घालून आत आले तर सासूबाई तांदळाच्या डब्यापुढे बसलेल्या. हातात माझा मग. धुऊन बाथरूमच्या खिडकीत ठेवलेला, रेघांचा.

"हा बरा हाय गो," त्या म्हणाल्या. "रेगा पन हायेत. तांदूल मापाला बरा."

"आई, नको!" मी ओरडले. "त्यात मी लघवी मोजते!"

त्यांचा हात डब्याच्या वर अधांतरी थांबला. त्यांनी मगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तांदळाकडे बघितलं. आणि त्या हसायला लागल्या. मीही हसले. लग्नानंतर आम्ही दोघी एवढं कधी हसलो नव्हतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसता हसता त्या अचानक थांबल्या. गुडघे एकमेकांना घट्ट लावले, भिंतीला धरून उठल्या आणि बाथरूमकडे गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर दुसरं लुगडं होतं.

मी इतकी वर्षं लॅबमध्ये आहे. मला कळायला वेळ लागला नाही.

"आई, हसलं की होते?"

त्या परत तांदळाच्या डब्यापुढे जाऊन बसल्या. मग मी माझं सगळं सांगितलं. सुनंदा जाधव, गोळ्या, शहाळी पिताना काय वाटायचं ते, बाईने वॉचमनच्या संडासात पाठवलं ते. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हसला की व्हते, खोकला की व्हते, शिंकला की व्हते."

म्हणून त्या कुणाच्या हळदीला जात नाहीत. आगऱ्यांच्या घरात हळद म्हणजे केवढा सोहळा, आणि सासूबाई दर वेळी गुडघे दुखतात म्हणून घरी राहायच्या. मला वाटायचं, बाईंना माणसांची आवड नाही.

मग त्या मिठागराचं बोलल्या. लग्नाच्या आधी त्यांनी आईबरोबर उरणकडे मिठागरात काम केलं होतं. "मिठागरान आडोसा कुठं गो? सगला सपाट. झाड नाय, झुडूप नाय. बाई जरा बाजूला गेली तर पार बांधावरनं दिसते. आमी पानीच नाय प्याचो. दिस मावलाची वाट बघाची." थोडं थांबून म्हणाल्या, "सगल्याच तशा. कोनी काय बोलला नाय."

मी माझ्या आईचं "पुढे सोय नाही" त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. तांदूळ नेहमीच्या वाटीने मोजून घेतले.

केबिनमध्ये

त्यांना डॉक्टरकडे न्यायला मला तीन आठवडे लागले. "या वयात काय दाखवाचा?" हे पन्नास वेळा ऐकलं. शेवटी माझ्या तपासणीच्या दिवशी मी म्हटलं, सोबत तरी चला. निलेशने गाडीने सोडलं. रस्त्यात एकदा त्याने स्वतःहून पेट्रोल पंपावर गाडी घातली आणि म्हणाला, "इथलं स्वच्छ असतं. कुणाला जायचं असेल तर." आरशातून त्याने दोघींकडे बघितलं. आम्हा दोघींनाही जायचं नव्हतं, पण मला बरं वाटलं.

माझा आकडा त्या दिवशी अकरा होता. डॉक्टर बाई खूश झाल्या. मग त्यांनी विचारलं, "सकाळची ड्यूटी परत सुरू केलीस का?"

"नाही अजून," मी म्हणाले. "भीती वाटते. घरचे म्हणतात, सोडून दे. मलाही वाटतं, सोडावी." बाजूला सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच बोलले. लपवायचा कंटाळा आला होता.

डॉक्टर काही बोलायच्या आत मी म्हणाले, "यांनाही दाखवायचंय." आणि खुर्ची मागे सरकवली.

सासूबाई पदर आवरून पुढे सरकल्या. डॉक्टर बाईंनी हळूहळू सगळं काढून घेतलं. खोकल्यावर होते का, वजन उचललं की होते का, कपडा ठेवावा लागतो का. सासूबाई हो, हो म्हणत होत्या, प्रत्येक हो आधीच्यापेक्षा मोठ्याने.

"किती वर्षं झाली?"

"हिचा नवरा झाला तवापासून. तो आता एकतीसचा हाय."

डॉक्टर बाईंचं पेन थांबलं. "एकतीस वर्षं? आणि कुणालाच सांगितलं नाही?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिची नोकरी हातची चालली व्हती, तवा ही बोलली. माझा काय जानार व्हता? मी घरानच व्हते."

मग डॉक्टर बाईंनी नवा केसपेपर घेतला आणि त्यांचं नाव विचारलं. आईंनी पूर्ण नाव सांगितलं, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, वय साठ. मी त्यांच्या बाजूला बसून फोन काढला, लिहून ठेवलेला राजीनामा खोडला आणि मॅडमना मेसेज केला, सोमवारपासून सकाळचे कॉल मला द्या.